काशीच्या घाटावर मिठाचे ढीग

माघ महिन्यातल्या एका सकाळी बोरीबंदरहून ठाण्याच्या गाडीत बसलो, तेव्हा माझ्याजवळ एक वळकटी, पाण्याचा तांब्या आणि घरून बांधून दिलेल्या दशम्या एवढेच सामान होते. डोक्यात मात्र एक अख्खी खोली होती. ती खोली रिकामी होती आणि ती भरण्यासाठीच मी निघालो होतो.

खोलीची हकीकत आधी सांगतो, म्हणजे पुढचा प्रवास ध्यानात येईल. मुंबईतल्या ज्या संग्रहालयात मी दुय्यम व्यवस्थापक होतो, त्याला लोक अजबखाना म्हणत आणि त्यात काही खोटे नव्हते. पेंढा भरलेली सुसर, बरण्यांतून मांडलेल्या भाताच्या जाती, गलबतांचे छोटे नमुने, नाक नसलेल्या मूर्ती, असा सगळा आमचा संसार. हयात माणसाच्या हातची म्हणून एकही चीज तिथे नव्हती. मी चित्रशाळेत शिकलेला. माझ्याबरोबर रंग कालवणारी मंडळी मुंबई इलाख्यात ठिकठिकाणी काम करीत होती. त्यांची चित्रे कुठे लागायची, तर फार तर एखाद्या शेटजींच्या दिवाणखान्यात. तळमजल्यावरची एक खोली मोकळी झाली, तेव्हा मी आमच्या साहेबांकडे हट्ट धरला, की ही खोली आजच्या, इथल्या चित्रकारांना द्यावी.

साहेब वयाने मोठे आणि मनाने भले गृहस्थ होते. उन्हाळ्यात ते कायमचे विलायतेस परतणार होते, आणि त्यांच्या जागी येणाऱ्या साहेबांना पक्ष्यांचा भारी शौक असल्याची बातमी आधीच येऊन पोचली होती. खोली तशीच राहिली, तर तिथे पाखरांची कपाटे येणार हे ठरल्यासारखेच होते. साहेबांनी माझे बोलणे ऐकून घेतले आणि एकच अट घातली. हयात माणसाच्या हातचे असे एक काम घेऊन या, की जे पाहताना माणसाचे पाय थांबतील. मी बोटीवर चढण्यापूर्वी आणलेत, तर खोली तुमची, असे ते म्हणाले.

मला ते काम कुणाकडे मिळेल हे ठाऊक होते. सदाशिव माझा चित्रशाळेतला सोबती. आमच्या वर्गात त्याच्या हातासारखा हात दुसरा नव्हता. शिक्षण संपल्यावर मी संग्रहालयात शिरलो आणि तो एका नाटक मंडळीबरोबर पडदे रंगवायला निघून गेला. त्याने रंगवलेला काशीच्या घाटाचा पडदा पाहून आलेली माणसे मुंबईत भेटत, आणि नाटक कोणते होते हे विसरलेली असत. मंडळीचा मुक्काम ठाण्यास असल्याचे ऐकले आणि मी गाडी धरली.

कुर्ल्याच्या पुढे गाडी मोकळ्यावर आली. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला खाजण (भरतीचे पाणी चढते ती दलदलीची जमीन), आणि मधूनमधून पांढऱ्याशुभ्र बगळ्यांच्या रांगा. माझ्यासमोर बसलेल्या एका म्हाताऱ्या भाजीवाल्याने विचारले की कुठे जाता. चित्र आणायला जातो म्हटल्यावर त्याने मुंबईत चित्रे संपली काय, असे अगदी काळजीने विचारले.

ठाणे हे तळ्यांचे गाव. स्टेशनातून निघालो की थोड्याच वेळात मोठ्या तळ्याचा काठ लागतो. कमळाची पाने पाण्यावर पसरलेली, पलीकडे देवळाची पायरी, धोबी, म्हशी, आणि कचेरीत निघालेले पागोटेवाले. सदाशिवची सासुरवाडी याच काठाला होती. त्याची बायको सरस्वती माहेरीच राहत असे, कारण नाटक मंडळीबरोबर गावोगाव हिंडणाऱ्या माणसाने बिऱ्हाड मांडायचे कुठे? तिचे वडील नाना कोर्टात कारकून होते. मी ओटीवर जाऊन नाव सांगितले, तेव्हा त्यांनी पाट दिला, पाणी दिले, पण मी सदाशिवचा मित्र म्हणताच त्यांचा चेहरा मिटला.

"आम्ही मुलगी चित्रकाराला दिली होती," ते म्हणाले, "नाटक्याला नव्हे. आमच्या कचेरीत विचारतात, जावई काय करतात. मी म्हणतो, फिरतीची नोकरी आहे."

 मग ते अंगरखा चढवून कचेरीला निघून गेले. मी उठलो तेव्हा माजघराच्या दाराआडून सरस्वतीबाई बोलल्या. मंडळीचे सामान आज भरतीबरोबर पडावाने कल्याणास जाणार आहे, बंदरावर लगेच गेलात तर गाठ पडेल, असे त्यांनी सांगितले. मग म्हणाल्या, "त्यांची प्रकृती कशी आहे, तेवढं नीट बघा. ते विचारलं की बरी आहे म्हणतात."

बंदरावर पोचलो तेव्हा पडाव (माल वाहणारी मोठी होडी) जवळजवळ भरून झाला होता. लाकडी तलवारी, पुठ्ठ्याचे मुकुट, पेटारे, तबले, आणि या सगळ्यांवर आडवे टाकलेले, लांबच लांब बांबूंवर गुंडाळलेले पडदे. हे बांबू आगगाडीच्या डब्यात मावत नसत, म्हणून नट मंडळी गाडीने जायची आणि पडदे खाडीने. पडद्यांबरोबर पडद्याचा धनी. सदाशिव बांबूंवर बसून बिडी ओढत होता. मला पाहताच त्याने ती टाकली, उडी मारून खाली आला आणि मला असा आवळला की माझे पागोटे खाली पडले. तो वाळला होता, पण डोळे तेच होते.

मंडळीचे मालक बापूराव हेही पडावावरच होते. तरुणपणी ते राजाची कामे करीत. आता अंग सुटल्यामुळे सिंहासन सोडले होते, पण बोलणे, बसणे, पान खाणे, सारे अजून राजाचेच. त्यांनी मला हाताने खूण करून वर बोलावले, आणि मी काही विचार करण्याआधी पडाव निघालासुद्धा.

खाडीतून कल्याणास जाण्याइतका सुखाचा प्रवास मी क्वचितच केला आहे. रेल्वेचा पूल डोक्यावरून गेला. पारसिकचा डोंगर हळूहळू जवळ आला. त्याच्या पायथ्याने गाडी मुंब्र्याकडे जाताना दिसली, बोगद्यात शिरली आणि तिचा धूर मागे बाहेरच राहिला. काठावर तिवरांची गर्द हिरवी दाटी. नाखवा (होडीचा मुख्य) सुकाणूवर बसून आपल्याशीच गुणगुणत होता. मी दशम्या सोडल्या. बापूरावांनी त्यांतला मोठा वाटा राजाच्या थाटात स्वीकारला.

खाणे झाल्यावर मी येण्याचे कारण सांगितले. काशीच्या घाटाचा पडदा संग्रहालयाला हवा आहे, त्याचा योग्य तो मोबदला देऊ, आणि खाली चित्रकाराचे नाव लिहू. नावाचे ऐकताच सदाशिव हातातले काम सोडून माझ्याकडे बघत राहिला. नाटकाच्या जाहिरातीत नटांची नावे असत, पेटीवाल्याचेही असे. पडदेवाल्याचे कधीच नसे.

"पडदा द्यायला हवा, मालक," तो म्हणाला.  "ठाण्याला सासऱ्यांना दाखवता तरी येईल."

बापूरावांनी पानाची पिंक सावकाश पाण्यात टाकली. "सदोबा, तुझ्या मानाच्या आड मी येणार नाही. पण तो पडदा म्हणजे माझ्या मंडळीचं वस्त्र आहे. तो गेला तर आम्ही उघडे पडू. कल्याणात उद्या खेळ लागलाय, पुढं नाशिक, नगर. विनायकराव, दुसरं काहीही मागा."

मी खूप समजावले. त्यांनी प्रेमाने ऐकले आणि प्रेमानेच नाही म्हटले. सदाशिव उठून पडदे होते त्या टोकाला जाऊन बसला.

दिवा गावाच्या पुढे नाखव्याने खाडीचा एक फाटा धरला. भरती उतरायच्या आत कल्याण गाठायचे, म्हणून त्याने जवळची वाट काढली होती. पण त्याच्या हिशेबापेक्षा ओहोटी लवकर लागली. पडाव थांबला, थरथरला आणि चिखलात बसला. पाणी उतरत गेले तसा तो एका अंगाला कलायला लागला. आधी तबले घरंगळले, मग पेटारे, आणि मग सगळ्यांत वरचा बांबू हळूच सुटला. त्याचे एक टोक खाडीत गेले. तो काशीचा घाट होता.

सदाशिवने क्षणाचाही विचार केला नाही. तो पाण्यात उतरला, कमरेपर्यंत चिखलात रुतला आणि बांबूचे टोक दोन्ही हातांनी डोक्यावर धरून तसाच उभा राहिला. मी उतरलो तो गुडघ्यापर्यंत जाऊन अडकलो. पुढे जाता येईना, मागे येता येईना. बापूराव वरून धीर देत होते.

आमची ही अवस्था काठावरच्या मिठागरातून दिसत होती. मीठ ओढणाऱ्या आगरी बायका-माणसे कामे टाकून धावत आली. चिखलात कसे चालायचे हे त्यांना ठाऊक होते. पाय आडवा टाकीत, कलंडत, ती आमच्यापर्यंत आलीसुद्धा. त्यांत जनाबाई म्हणून एक उंच, काळीसावळी बाई होती. तिचे सगळे ऐकत. तिने आधी बांबू उचलवला, मग सदाशिवला, आणि शेवटी माझ्याकडे पाहून म्हणाली, "या दादाला असाच र्‍हाव दे थोडा. हालला तं आनखी रुतंल."

पडदा मिठागराच्या बांधावर नेऊन उलगडला. पडद्याचे रंग सरसात (कातडे उकळून केलेल्या डिंकात) कालवलेले असतात. पाणी लागले की ते धावतात. बाकी घाट शाबूत होता. सकाळचा तांबूस उजेड, पायऱ्या, नावा, घागरी घेतलेल्या बायका, सारे जागच्या जागी होते. पण उजवीकडचा खालचा कोपरा गेला होता. तिथले देऊळ, पायऱ्यांचा शेवट आणि पाणी मिसळून एक करडा डाग झाला होता. सदाशिव त्याच्याशेजारी उकिडवा बसला. त्याने डागाला हात लावला नाही.  खोली हातची गेली, एवढेच माझ्या मनात आले.

पडदा वाळेपर्यंत हलता येत नव्हते, आणि पडाव पुढच्या मोठ्या भरतीशिवाय निघणार नव्हता. म्हणून रात्र तिथेच डोंबिवलीच्या बाजूच्या त्या आगरी पाड्यावर काढायचे ठरले. डोंबिवली तेव्हा म्हणजे भाताची खाचरे, मिठागरे आणि मधूनमधून घरांचे पुंजके. जनाबाईच्या अंगणात आम्हाला तांदळाच्या ऊन भाकऱ्या आणि सुकटीची चटणी मिळाली. तिन्हीसांजेला पोपटी लावली (वालाच्या शेंगा मडक्यात भरून, भांबुर्ड्याच्या पाल्याने तोंड बंद करून, मडके जाळात पालथे घालतात). पाल्याचा तो वास आणि शेंगांची गोडी मी अजून विसरलेलो नाही. बापूरावांनी आपल्या वाटणीच्या शेंगा संपवल्या आणि आमच्याही संपवल्या.

पण मला सांगायचे आहे ते त्याआधी उन्हात जे पाहिले त्याविषयी.

बांधावर पडदा पसरला आहे ही बातमी आसपास पसरली. माणसे येऊ लागली. मीठ ओढायच्या फळ्या खांद्यावर घेतलेले गडी, माशांच्या पाट्या घेतलेल्या बायका, तान्ही मुले, काठी टेकीत आलेले म्हातारे. कुणी त्यांना बोलावले नव्हते. पडद्याच्या कडेकडेने ती चालत, मध्येच थांबत, खाली वाकत, एकमेकांना दाखवीत. एका म्हाताऱ्याने घागर घेतलेल्या एका बाईच्या चित्रासमोर बराच वेळ बसून काढला, आणि उठताना तिला नमस्कार केला. आमच्या संग्रहालयात माणसे कशी चालतात ते मी रोज बघत होतो. सुसरीपाशी थांबायची, बाकी दालनांतून पाऊस चुकवल्यासारखी निघून जायची. इथे कपाट नव्हते, दालन नव्हते, पण माणसांचे पाय थांबले होते. साहेबांची अट माझ्या डोळ्यांसमोर पुरी होत होती, आणि नेमके तेच काम आता डागाळलेले होते.

सकाळी सदाशिवने रंगांचा पेटारा उघडला. पडाव कलताना त्यात पाणी शिरून निळा आणि हिरवा वाहून गेले होते. पांढरा डब्यात कोरडा राहिला होता, थोडी काजळी आणि थोडा गेरू. एवढ्यावर गंगेचे पाणी कसे रंगवणार? तो हातात कुंचला घेऊन नुसता उभा राहिला. जनाबाई भाकरी घेऊन आली होती. तिने तो कोपरा पाहिला, मग पेटारा पाहिला.

"पांढरा हाय ना?" ती म्हणाली. "मंग मीठ काडा. खाडीला कुनी काडत नाय. गंगेला सगलीच काडतान."

तिने ते सहज म्हटले आणि कामाला निघून गेली. सदाशिव तिच्या पाठीकडे बघत राहिला. मग त्याने समोर पाहिले. समोर मिठागर उन्हात पसरलेले होते. चौकोनी वाफे, काळा चिखल, आणि बांधावर मिठाचे शुभ्र ढीग, तांदळाच्या राशींसारखे. त्याने पांढरा कालवला.

मला राहवले नाही. मी म्हटले, "सदाशिवा, काशीच्या घाटावर मिठाचे ढीग? साहेब हसतील."

"काशी मी पाहिलेली नाही, विनायका," तो मान वर न करता म्हणाला. "सगळा पडदा ऐकीव आहे. हे एवढं तरी बघून काढतो."

दुपारपर्यंत तो कोपरा भरला. घाटाच्या शेवटच्या पायऱ्या काळ्या चिखलात उतरल्या होत्या, चिखलात वाफे होते, वाफ्यांच्या बांधावर मीठ होते, आणि मिठाच्या ढिगाशेजारी कंबरेवर हात ठेवून एक उंच बाई गंगेकडे बघत उभी होती. कुणाला काही विचारायची गरज पडली नाही. जनाबाईने आपले चित्र पाहिले, पदर तोंडाशी धरला आणि घरात गेली. थोड्या वेळाने बाहेर येऊन तिने विचारले, की हा पडदा कल्याणात कुठे लागणार.

भरतीबरोबर आम्ही निघालो. कल्याणचे बंदर दिसले ते गलबतांच्या काठ्यांमधून. मागे दुर्गाडीचा किल्ला, काठावर भाताची पोती, कौले आणि विटा. गाव जुने, भरलेले, बोलके. बंदरावरच्या हमालाने पडदे उतरवताना विचारले, की यात राक्षस आहे का. नाही म्हटल्यावर तो हिरमुसला. मंडळीचा मांडव तळ्याच्या बाजूला उभा होता, नट आदल्या दिवसापासून वाट बघत बसले होते, आणि नायिकेचे काम करणारा केशव, मालक बुडाले असे समजून, रडून रडून घसा बसवून बसला होता.

संध्याकाळी खेळ लागला. मांडव भरला. पुढे गावातले प्रतिष्ठित, मागे बाकीचे लोक, आणि अगदी कडेला, जमिनीवर, डोंबिवलीहून शेतातून आणि बांधाबांधाने चालत आलेली मिठागरावरची सारी मंडळी. जनाबाई मध्ये बसली होती.

नांदी झाली, पहिला अंक सुरू झाला. केशव बसलेल्या घशानेही गोड गायला. अंक संपला, दोन अंकांच्या मध्ये टाकायचा तो काशीचा पडदा खाली आला आणि त्या कडेला एकच खळबळ उडाली. ते आपले मीठ, ती जनाबाय, तो आपला बांध, असे एकमेकांना सांगणे सुरू झाले. पुढचे प्रतिष्ठित मागे वळून बघू लागले, मग पडद्याकडे बघू लागले, मग कल्याणकरांनाही ती खाडी ओळखू आली. त्यांनी जन्मभर पाहिलेली खाडी होती ती. टाळ्या पडल्या त्या पडद्याला. दुसरा अंक सुरू व्हायला पडदा वर गेला, तेव्हा मागून कुणीतरी म्हणाले, की अजून थोडा वेळ राहू द्या. प्रत्येक अंकाला असेच झाले. शेवटी तर केशवचे करुण पद चालू असताना लोक एकमेकांना विचारत होते, की पडदा आता केव्हा पडणार.

मी सदाशिवला शोधत पडद्यामागे गेलो. तो दोराजवळ उभा होता. रंगभूमीच्या उजेडात पडदा मागून झिरझिरीत दिसत होता आणि लोकांचे हसणे-बोलणे त्यातून इकडे येत होते. त्याचे डोळे भरून आले होते. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापूरावांनी मला बोलावणे पाठवले. ते बाजेवर बसले होते आणि समोर केशव फुगून बसला होता. त्याचे म्हणणे ऐकून झाले असावे. बापूरावांनी मला पान दिले.

"विनायकराव," ते म्हणाले, "पडदा न्या तुमचा. ज्या मंडळीत नटापेक्षा पडद्याला टाळ्या पडतात, ती मंडळी चालायची नाही. पण आधी सदोबानं मला दुसरा करून द्यायचा. बाग काढ म्हणावं, कारंजं काढ. कुणाच्या ओळखीचं त्यात काही नको."

केशवने मान डोलावली. मी हसू आवरले. पण बापूराव पुढे जे बोलले ते त्यांनी केशव उठून गेल्यावर बोलले. "सदोबाच्या सासऱ्याला ठाण्यात मी एकदा भेटलो होतो. मला दारातूनच परत पाठवलं. बिचाऱ्याचं नाव लिहा तिथं. ठळक लिहा."

नवा पडदा होईपर्यंत मी कल्याणात राहिलो. मुंबईला तार केली. सदाशिव एका भाताच्या वखारीत बाग आणि कारंजे रंगवीत होता, आणि मी भटकत होतो. कधी तळ्याकाठी, कधी बंदरावर, एकदा गाडीने खडवलीपर्यंत जाऊन नदीच्या थंड पाण्यात पाय सोडून दुपारभर बसलो. त्या पाण्याकाठी मला पहिल्यांदाच वाटले, की माझी खरी नोकरी आता सुरू होते आहे. कपाटे पुसणे आणि चिठ्ठ्या चिकटवणे म्हणजे ती नोकरी नव्हे. काम जिथे जिवंत आहे तिथे जायचे, त्याच्या धन्याबरोबर बसायचे, त्याच्याभोवतीची माणसे बघायची, आणि मग ते मागायचे की नाही हे ठरवायचे. पुढे आयुष्यभर मी हे केले. बऱ्याच वेळा न मागताच परत आलो.

मुंबईला परतलो ते पडावानेच, पडद्यासकट आणि सदाशिवसकट. वाटेत ठाण्याच्या बंदरात भरतीची वाट बघायची होती, म्हणून तो घरी जाऊन आला. नाना बाहेर आले नाहीत. सरस्वतीबाई दारापर्यंत आल्या होत्या, एवढे त्याने सांगितले आणि बाकीचा वेळ तो शीळ घालत होता.

पडदा खोलीच्या मोठ्या भिंतीवर चढला. साहेब आले, लांबून पाहिले, जवळून पाहिले, आणि त्यांचे पाय कोपऱ्यापाशी थांबले. गंगेकाठी मीठ कसे, हे त्यांनी विचारले. मी सगळी हकीकत सांगितली. ते हसले, पण नंतर गंभीर झाले. संग्रहालयाच्या समितीचे सभासद विद्वान आहेत, ते याला चूक म्हणतील, तेव्हा उद्घाटनापूर्वी चित्रकाराकडून तेवढा कोपरा पूर्ववत करून घ्यावा, असे त्यांचे मत पडले. सदाशिव माझ्याकडे बघत होता. मी सांगेन ते त्याने केले असते.

मी नाही म्हटले. नोकरीत लागल्यापासून साहेबांना तोंडावर नाही म्हणण्याची ती पहिलीच वेळ होती. मी म्हटले, तो कोपरा काढायचा असेल, तर पडदा कल्याणास परत जाईल. माणसांचे पाय थांबले ते त्या कोपऱ्यापाशी. साहेबांनी खोलीत बऱ्याच येरझारा घातल्या. शेवटी म्हणाले, की मग चिठ्ठीवर खरे लिहा, म्हणजे चूक राहणार नाही.

मी लिहिले: काशीचा घाट. नाटकाचा पडदा. उजवा कोपरा डोंबिवलीच्या मिठागरावर तिथे बसून रंगवलेला. आणि खाली, ठळक, सदाशिवचे पूर्ण नाव. हयात माणसाचे नाव आमच्या भिंतीवर लागले ते पहिले.

साहेब बोटीवर चढले, नवे साहेब आले, पाखरांची कपाटे वरच्या मजल्यावर गेली. खोली माझी राहिली. एकदा ठाण्याचे नाना कोर्टाच्या कामासाठी मुंबईला आले होते, ते तिथे आले. मी दारातून त्यांना पाहिले आणि मागेच थांबलो. चित्रापेक्षा चिठ्ठीसमोर ते जास्त वेळ उभे होते. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. शेजारी एक अनोळखी गुजराथी गृहस्थ उभे होते. नाना त्यांच्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, "आमच्या जावयाचं काम." वैशाखात सदाशिवने सरस्वतीबाईंना आणून गिरगावात बिऱ्हाड केले.

पुढे त्या खोलीच्या दोन खोल्या झाल्या, मग सारा तळमजला झाला, आणि काही वर्षांनी संग्रहालयाची सगळी जबाबदारी माझ्याकडे आली. चित्रकार, मूर्तिकार, विणकर, किती माणसे त्या निमित्ताने जोडली गेली. पण पहिल्या खोलीत एक अडचण कायम राहिली. तिथला पहारेकरी तक्रार घेऊन आला होता, तेव्हा ती मला कळली. सुटीच्या दिवशी गावाकडची माणसे त्या खोलीत येतात आणि पडद्यासमोर फरशीवर बसून राहतात, असे तो म्हणाला. कुटुंबेच्या कुटुंबे, पोराबाळांसकट. उठा म्हटले तर उठत नाहीत. खेळ केव्हा सुरू होणार, विचारतात.

मी त्याच्याबरोबर जाऊन पाहिले. खरेच बसली होती. मुले मांडीवर, गाठोडी बाजूला, आणि साऱ्यांचे डोळे पडद्याकडे. पहारेकऱ्याने विचारले, उठवू का? मी त्याला म्हटले, बसू दे. आणि तीच जागा बरी दिसली म्हणून त्यांच्या मागे मीही थोडा वेळ बसलो.